मला आत आणले तेव्हा

मित्रांनो, ती दोरी ओढू नका. मी एक जुना जनरेटर आहे आणि आज मला बोलायचे आहे. मी चालू असताना कुणाचे बोलणे कुणाला ऐकूच येत नसे.

पहिला झटका.

अंडी उबवून पिल्ले विकणाऱ्या दोन जावांच्या घरी मी नवाकोरा, लालभडक आलो. वीज गेली की थोरली माझी दोरी ओढे, मी अंगणात धडधडू लागे आणि उबवणीच्या यंत्रातली अंडी उबेत राहत. "घरातला कर्ता हाच!" थोरली म्हणायची. मी फुगून जायचो. माझ्या बाजूची लिंबाची पाने काळी पडत होती, तिकडे कोण बघतो?

माझ्या आवाजापुढे हाका चालत नसत. म्हणून दोघींनी एक खूण ठरवली होती. दहा पिल्ले बाहेर आली की धाकटीने आतून दारावर थाप मारायची.

दुसरा झटका.

पेट्रोल महागले. मग महागतच गेले. पिल्लांवर सुटलेले चार पैसे माझ्याच घशात जाऊ लागले. त्यात कुणीतरी नळी घालून माझी टाकी रिकामी केली. एकदा नव्हे, तीनदा. थोरलीने मला ओढत उबवणीच्या खोलीत आणले.

"जाऊबाई, ह्याला उघड्यावरच ठेवा म्हणाला होता मिस्त्री," धाकटी कुरकुरली.

"त्याचं काय जातंय? पेट्रोल तो भरतो का?"

"आणि धूर?"

"खिडकी काय शोभेला आहे?"

खिडकी होती. पण उबवणीच्या एकविसाव्या दिवशी, भर दुपारी, अंडी तडकू लागली आणि नेमकी वीज गेली. बाहेर बोचरा वारा. पिल्ले गारठतील म्हणून धाकटीने खिडकी लावून घेतली. दारही लोटले.

तिसरा झटका. मी सुरू झालो.

धड धड धड. थाप. दहा.

धड धड. थाप. वीस. धाकटीने कपाळ दाबले.

थाप. तीस. माझ्या धुराला वास होता. त्यातल्या खऱ्या विषाला नव्हता. मला थांबायचे होते, मित्रांनो! पण स्वतःचे बटण मला दाबता येत नाही.

थाप. चाळीस. ही थाप फार हळू पडली.

धड धड. धड धड. धड धड.

अंगणात थोरली दाणे पाखडत होती. सूप हातातच राहिले. "चाळीसवर कशी अडली ही?"

तिने दार ढकलले, माझ्या तापलेल्या अंगावर हात भाजून घेत मला बंद केले आणि धाकटीला काखेत धरून फरफटत अंगणात आणले.

बऱ्याच वेळाने धाकटीने डोळे उघडले. "पिल्लं?"

"खड्ड्यात गेली पिल्लं! श्वास घे आधी, बये."

त्या दिवशी एकही पिल्लू वाचले नाही.

आता छपरावर उन्हावर वीज देणारी पाटी आहे आणि मी लिंबाखाली गंजतो आहे. मला पुसू नका, तेलपाणी करू नका. जपायचीच असेल तर ती हवा जपा, जी मी फुकटची समजून ओरबाडली. माझी खरी किंमत टाकीत भरली जातच नव्हती.

आता घरात हाक सहज ऐकू येते. तरी दहा पिल्ले झाली की धाकटी दारावर थाप मारते. आणि थाप पडेपर्यंत थोरली हातातले सूप थांबवून उभी असते.