पायथ्याशी चिकटवलेली मागणी

'पलंग परत न्या' असा फोन आला की ताई व्हॅनमध्ये मुकाट्यानं बसायची. एरवी तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण त्या फेरीला नाही. आजारी माणसांना घरी वापरायला फुकट पलंग देणारी एक संस्था होती, आणि पलंग पोचवायचे न् परत आणायचे हे तिथलं ताईचं काम. पलंग परत यायची कारणं दोनच. एक तर माणूस उठून चालायला लागला, नाहीतर गेला. आणि आजचा फोन होता तिकीटवाल्या आजींच्या घरून. आजींचा कणा मोडलेला, मानेला पट्टा. त्यांनी उठून चालायला लागणं या जन्मी शक्य नव्हतं.

"गेल्या बिचाऱ्या," ताई म्हणाली.

व्हॅन चालवणाऱ्याला सगळे तोफ म्हणायचे, कारण तो दिवसाकाठी जेमतेम एखादं वाक्य बोलायचा. आजचं वाक्य त्यानं राखून ठेवलं आणि नुसती मान हलवली.

आजी म्हणजे काय बाई होती महाराजा! उभी हयात सिनेमाच्या तिकीटखिडकीत काढलेली. भले भले लोक बाहेरून वाकून गयावया करायचे आणि आजी आतून ठणकावायच्या, "नाही. खिडकी बंद." पलंग लावून द्यायला ताई गेली तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी फर्मान सोडलं होतं, "माझं डोकं जरा वर करा. मला पंखा बघत पडायचं नाही, येणारी-जाणारी माणसं बघायची आहेत." ताईनं पलंगाचा दांडा फिरवून डोक्याकडची बाजू उचलून दिली होती. मान वळत नव्हती, पण नजर थेट पायथ्यावरून दारापर्यंत जायची. आजी खूश झाल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "आता कसं खिडकीत बसल्यासारखं वाटतंय."

हे सगळं आठवत ताई जिना चढली. दार लेकीनं उघडलं. शिवणकामाच्या कारखान्यात जाणारी ही मुलगी आईसाठी रात्रपाळी करत होती. तिचे डोळे सुजलेले होते. ताईनं चपला काढल्या, पदर सावरला आणि चेहरा पाडून आत पाऊल टाकलं. भिंतीशी पलंग रिकामा होता. चादर घडी करून ठेवलेली.

"मेले नाही अजून," जमिनीवरून आवाज आला. "तो चेहरा नीट करा आधी."

ताई अशी दचकली की मागून येणाऱ्या तोफेच्या पायावरच तिचा पाय पडला. खिडकीखाली, गार फरशीवर, एका पातळ सतरंजीवर आजी आडव्या पडल्या होत्या.

"अहो आजी! खाली काय करताय?"

"दिसत नाही? झोपलेय."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना फरशीवर झोपायचं नाही म्हणून! पाठीला जखमा होतील."

"झाल्यात," लेक म्हणाली, आणि रडू आवरेना म्हणून स्वयंपाकघराकडे वळली. "तुम्हीच समजवा ताई. माझं तर ऐकतच नाही. शेजारच्या दोघांना बोलावून खाली उतरवायला लावलं. म्हणाली, उतरवलं नाहीत तर जेवणार नाही."

"पण झालं काय?"

आजींनी बोटानं पलंगाचा पायथा दाखवला. ताईनं पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पायथ्याच्या फळीवर, आतल्या अंगाला, पडलेल्या माणसाला दिसेल असा, एक मोठा चकचकीत स्टिकर चिकटवला होता. मोबाइलवरून पैसे पाठवायचा काळा-पांढरा चौकोन, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरं: 'आपण झोपला आहात तो पलंग कुणाच्या तरी दानातून आला. आपण काय देणार?'

अरे, काय म्हणावं या अकलेला! महिन्याच्या बैठकीत नवे साहेब म्हणाले होते, पलंगांवर संस्थेचं काहीतरी लावू या. ताईला वाटलं, नावाची पट्टी असेल. तिनं चहा पीत मान डोलावली होती. हे असलं काही असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तुमचा माणूस येऊन लावून गेला," आजी म्हणाल्या. "सकाळी डोळे उघडले की समोर तेच. जेवताना तेच. लेक अंग पुसून देते तेव्हाही तेच. आपण काय देणार? आपण काय देणार? मान वळवून तोंड चुकवावं म्हटलं, तर मान वळत नाही."

ताईनं पुढे होऊन नखानं तो स्टिकर खरवडायला सुरुवात केली. अर्धा निघाला, अर्धा तसाच राहिला.

"राहू द्या," आजी म्हणाल्या. "कागद काढला म्हणजे मागणं गेलं का? मला ठाऊक आहे आता, तुमच्या मनात काय आहे ते."

"माझ्या मनात नाही हो! शप्पथ!"

"तुमच्या नसेल. ज्याच्या मनात आहे त्याला आणा. मागायचंय ना त्याला? मग समोर येऊन माग म्हणावं. जन्मभर लोक माझ्यापुढे येऊन मागत होते आणि मी तोंडावर नाही म्हणत होते. कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्या कागदाला नाही कसं म्हणायचं, ते सांगा मला! नाही म्हणायला समोर माणूस लागतो."

ताईनं नखात अडकलेला कागदाचा तुकडा झटकला.

"तो येईपर्यंत मी वर चढायची नाही," आजींनी निकाल दिला. "आणि पलंग घेऊन जा. रिकामा बघवत नाही."

"चल रे, उचल," ताई तोफेला म्हणाली. "बरोबर जागी नेऊन ठेवते मी हा."

नवे साहेब आधी घरं विकायचे. बोलणं लोण्यासारखं, बूट आरशासारखे. संस्थेत आल्यापासून त्यांनी भिंतीवर तक्ते लावले होते आणि कुठलीही रेघ वर चढली की त्यांचा चेहरा उजळायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात शिरणं म्हणजे कर्मकठीण काम. खोली अरुंद होती, टेबल मोठं होतं. दार सताड उघडून ताई आणि तोफ पलंग ढकलत थेट आत आले. पलंग डोक्याकडून टेबलाला टेकला, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत. साहेब खुर्चीत कोंडले गेले.

"हे काय? गोदाम खाली आहे!"

"गोदामात नाही ठेवायचा. या पलंगावरची बाई फरशीवर झोपलीय, पाठीला जखमा घेऊन. तुमचा कागद वाचून उतरली ती. ती वर चढेपर्यंत हा इथून हलायचा नाही."

साहेबांनी आधी समजुतीचा सूर लावला. "ताई, भावना समजतात मला. पण त्या स्टिकरमुळे देणग्या येतायत. गोदामातल्या गाद्या फाटल्यात, हे तुम्हीच ओरडून सांगता ना? मागितल्याशिवाय कोण देतं?"

"मागू नका असं मी कधी म्हटलं? माझी हयात मागण्यात गेली! दुकानांत मागितलं, बँकेत मागितलं, लग्नाच्या मांडवात मागितलं. पण ताठ उभी राहून मागितलं, गादी हवी तर गादी म्हणून सांगितलं. आणि समोरचा नाही म्हणाला तर बरं म्हणून चहा पिऊन उठले. परत दार वाजवायला तोंड राहिलं म्हणून लोक पुढच्या खेपेला देतात. तुम्ही काय केलंत? ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्या डोळ्यांपुढे हात पसरून ठेवलात. दिवसरात्र! लोक देतायत म्हणे. भाडं समजून देतायत. पलंग काढून नेतील या भीतीनं देतायत. त्याला देणगी म्हणायची तर खंडणी कशाला म्हणायचं?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"उद्याचं उद्या बघू. आज तुम्ही माझ्याबरोबर येताय."

"मी येणार नाही."

"बसा मग."

ताई दाराशी स्टूल टाकून बसली. नोकरी गेली तर घरी काय होईल हे तिला नीट ठाऊक होतं. घरात मिळवणारी ती एकटी होती आणि नवरा वर्षापासून बसून होता. तरी ती ढिम्म हलली नाही. तोफ कपाटाला टेकून उभा राहिला. साहेबांनी फोन फिरवले, पाणी मागवलं, पाण्याचा पेला पलंगावरून हात लांब करून घ्यावा लागला. दुपार कलली. शेवटी, कितीही मोठा साहेब झाला तरी पाणी प्यायल्यावर त्याला उठावं लागतंच. त्यांनी बूट काढले, टेबलावर गुडघा टेकला आणि पलंगावर उतरून रांगू लागले. बाहेर पडायचा रस्ता पायथ्याकडून होता. फळीपाशी पोचले आणि अर्धवट खरवडलेली ती ओळ त्यांच्या नाकासमोर आली. आपण काय देणार?

तिथं त्यांचा रंग उतरला. दोन्ही हात गादीत, गुडघे गादीत, तोंड त्या कागदाशी. समोर दाराशी ताई, बाजूला कपाटाशी तोफ.

"असं दिसतं होय," ते पुटपुटले.

"मान वळवू नका," तोफ म्हणाला. दिवसाचं वाक्य त्यानं इथं खर्च केलं.

संध्याकाळच्या आत पलंग पुन्हा आजींच्या घरात होता. साहेब दाराशी उभे राहिले, हातात बूट, कुठं ठेवावेत ते समजेना. लेकीनं त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली, पण आजी खालून म्हणाल्या, "खुर्ची नको. इथं बसा. माझ्या डोळ्यांच्या रेषेत या."

साहेब फरशीवर बसले. घसा खाकरला. "आजी, चूक झाली. तो कागद आम्ही काढलाय."

"ते कळलं. आता मागा."

"काय?"

"जे मागायचं होतं ते. माझ्याकडे बघून. कशासाठी तेही सांगा."

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताईनं छताकडे पाहिलं. लोण्यासारखं बोलणाऱ्या त्या माणसाची जीभ पार अडखळली. "म्हणजे... आमच्याकडच्या गाद्या फाटल्यात, आजी. नवीन घ्यायच्या आहेत. तुम्हाला काही मदत करता येईल का? नाही म्हणालात तरी... तरी पलंग तुमच्याकडेच राहील."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. घाई नव्हतीच त्यांना. फिकुटलेल्या त्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही तेज चढलं की लेक हातातलं काम सोडून बघू लागली.

"नाही," आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "खिडकी बंद."

साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं आजी."

"आता उचला मला."

ताईनं खांदे धरले, तोफेनं कंबर, लेकीनं मान सांभाळली. साहेबांच्या वाट्याला पाय आले. उचलताना ते ताईला हळूच म्हणाले, "उद्या जरा लवकर या. बाकीच्या पलंगांचेही कागद काढायचे आहेत." ताईनं हूं केलं.

गादीवर पाठ टेकल्यावर आजींनी मोठा सुस्कारा सोडला. ताईनं दांडा फिरवला. डोकं वर आलं, नजर पायथ्यावरून दारापर्यंत मोकळी गेली.

"आता हा पलंग माझा," आजी म्हणाल्या. "तोंडावर 'नाही' म्हणून घेतलाय."