पेल्याच्या तळाशी राहिलेलं औषध

मित्रांनो, अंगाने मी पितळेचा असलो तरी माझा तोरा सोन्याचा आहे बरं! तंजावूरच्या अनिरुद्धरावांचा मी जुना पेला. कुंभकोणमच्या कासाराने मला ठोकून घडवलं आणि अंबाबाईंशी त्यांचं लग्न झालं तेव्हा मी या घरी आलो. मध्यंतरी स्टीलचे पेले आले, तेव्हा काही वर्षं माळ्यावर धूळ खात पडलो. पण रावांना दुसऱ्या पेल्यातली कॉफी गोड लागेना, म्हणून कल्हई होऊन पुन्हा खाली आलो.

एकच सल होती. इकडच्या रीतीप्रमाणे राव पेल्याला ओठ लावत नाहीत. मान मागे टाकून उंचावरून धार सोडतात. तोंड लागलं की पेला उष्टा! चाळीस वर्षांत त्या धारेचं कौतुक खूप झालं, पण मला जवळ कोणी घेतलं नाही.

गेल्या वर्षी शेजारची रम्या पाकिटं घेऊन आली. ती कॉलेजात संशोधन करते. जेवणातलं कोलेस्टेरॉल अंगात कमी मुरावं म्हणून तंतूंची, म्हणजे फायबरची, एक भुकटी निघाली होती. ती खरंच काम करते का, हे तिला चाळीस माणसांवर बारा आठवडे तपासायचं होतं. निम्म्यांना खरी भुकटी, निम्म्यांना तशीच दिसणारी दुसरी. कोणाला कोणती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. राव हौसेने तयार झाले.

रोज दोनदा माझ्यात भुकटी पडायची, पाणी पडायचं आणि धार सुटायची. पण ती भुकटी पाण्यात फुगते हो! पाणी रावांच्या घशात आणि निम्मा लगदा माझ्या तळाशी. अंबाबाई तो कढीपत्त्याला घालायच्या. झाड मात्र झकास वाढलं. मला सगळं दिसत होतं, पण पेल्याला वाचा कुठली?

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉलचा आकडा जागच्या जागी. एकही पाकीट चुकवलं नाही, असं राव छातीठोकपणे सांगत होते. रम्याचं तोंड उतरलं. रावांची भुकटी दुसरी असेल, तर आकडा हलला नाही तरी चालेल, पण औषध पोटात गेलंच नसेल, तर तिची वर्षभराची मेहनत फुकट जाणार होती. तिने रावांना समोर प्यायला लावलं आणि मग माझ्यात डोकावून पाहिलं.

"मामा, औषध तर पेल्यानेच घेतलंय."

राव ओशाळले. म्हणाले, "सहा आठवडे मी अर्धंच घेतलं, असं लिही. माझ्यामुळे तुझ्या कागदावर खोटं नको."

रम्याने तसंच लिहिलं. मग बाकीच्यांना फोन केले, तर आणखी अकरा जण धारच सोडत होते! तेही तिने नोंदवलं. सगळ्यांना नवी सूचना गेली: लगेच प्या, उरलेल्यात पुन्हा पाणी घाला आणि तेही प्या.

रावांनी पुन्हा पाणी घातलं, उंचावरून धार सोडली, आणि लगदा थेट नाकावर! अंबाबाईंना हसू आवरेना. "अहो, पेला आपलाच ना? लावा की तोंड."

राव जरा थांबले. मग त्यांचे ओठ माझ्या काठाला लागले. मित्रांनो, मला भरून आलं.

तपासणी पार पडली. कोणाला कोणती भुकटी होती ते उघड झालं, तेव्हा रावांची खरी निघाली, आणि पुढच्या सहा आठवड्यांत आकडाही थोडा उतरला होता. तेव्हा बाळांनो, औषध घेतलं की पेल्याचा तळ एकदा बघत जा, आणि चूक झाली तर रावांसारखी सांगून टाका.

आता पाकिटं संपली. कॉफीची धार पुन्हा उंचावरून सुटते. शेवटचा घोट मात्र राव ओठ लावून घेतात.