दार उघडेपर्यंत

टिंग!

सगळा जिना चिडीचूप असताना हा आवाज झाला, की समजावं, मास्तरांच्या दाराशी कुणीतरी आलं. मित्रांनो, मी त्याच दारावरची एक जुनी बेल आहे. माझं बटण बाहेर, भिंतीवर. आणि पेटी आत, चौकटीच्या वर. म्हणजे माझा एक कान जिन्यात आणि दुसरा घरात, म्हणा ना! असं भाग्य प्रत्यक्ष दारालाही नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, एक लोखंडी दांडी आहे आणि दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या. बोट दाबलं की दांडी पहिल्या पट्टीवर जाऊन आपटते, ते माझं 'टिंग'. बोट उचललं की ती मागे फिरते आणि दुसरीवर आपटते, ते 'टाँग'. मधला वेळ येणाऱ्या माणसाचा. घाईचा माणूस एका दमात टिंगटाँग करतो. भिडस्त माणूस बोट ठेवतो आणि उचलायचं विसरूनच जातो. एखादं पोर नुसतं टिंगटाँग, टिंगटाँग करून धूम ठोकतं. बाहेरच्या कुणाचा चेहरा मला दिसत नाही, पण बोटावरून माणूस ओळखते.

मास्तरांच्या बायकोने मला दुकानातून निवडलं. तिने तिथली प्रत्येक बेल वाजवायला लावली होती. मास्तर कंटाळून म्हणाले, "अगं, बेल घेतेयस की सून बघतेयस?"

"बाकीच्या ओरडतात," ती म्हणाली. "ही हाक मारते."

त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

आमचे मास्तर शाळेतले नव्हेत हं, शिवणाचे. घरातच त्यांचं मशीन होतं. कुणी फ्रॉकचं कापड घेऊन येई, कुणी उसवलेला कोट, कुणाला बापाची पँट मुलाच्या मापाची करून हवी असे. मशीन कितीही भरात असो, मी वाजले की मास्तर पाय थांबवत, गळ्यातली टेप सावरत आणि स्वतः दार उघडायला येत. बायको म्हणायची, "अहो, मी उघडते ना, बसा तुम्ही." पण ते ऐकतील तर शपथ! "जो जिना चढून आपल्याकडे आलाय, त्याला दार आपण उघडायचं. आणि निघाला की दारापर्यंत सोडायचं." हा त्यांचा नियम. त्यासाठी कितीदा सुईत ओवलेला दोरा निसटला असेल, देव जाणे.

मग बायको देवाघरी गेली. मशीनवर आच्छादन पडलं. रंगाऱ्याने भिंतीबरोबर माझं बटणही रंगवून टाकलं, आणि ते दाबायला चांगलंच जड झालं. मास्तरांचे गुडघे धरले. पायावर एक जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. घरातल्या घरात चालायला चार पायांची काठी आली. ती उचलून पुढे टेकायची, मग एक पाय, मग दुसरा. टक. सर्र. सर्र. टक.

पण मित्रांनो, आपली नगरपालिका काही झोपलेली नव्हती. मास्तरांसाठी दवाखान्याची नर्स जखम बांधायला येणार होती. पालिकेच्या स्वयंपाकघरातून दुपारचा डबा घेऊन एक दादा येणार होता. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायला सुतार येणार होता. तिघं तीन कचेऱ्यांची माणसं, आणि तिन्ही भली. आणि तिघंही आली! याला साक्षीदार मी आहे.

मी वाजायची. आतून मास्तर म्हणायचे, "आलो हं!" पण तो आवाज दार ओलांडण्याइतका उरला नव्हता. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं. एकदा नाही जमलं तर पुन्हा. मग टक, सर्र, सर्र. वाटेत मशीनला धरून जरा दम. मी वर टांगलेली, सगळं ऐकत. मला वाटायचं, केवढा हा प्रवास! डोंगर चढणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात लोक. त्यांना म्हणावं, या खोलीत येऊन बसा आणि नुसतं ऐका.

आणि मास्तर कडी काढायचे, तेव्हा जिना रिकामा असायचा.

नर्सबाई पहिल्यांदा परत फिरताना स्वतःशीच म्हणाल्या होत्या, "गेले असतील मुलीकडे." खाली त्यांना डबा आणणारा दादा भेटला असावा, कारण दुसऱ्या दिवशी तो वाजवून थांबला न थांबला तोच फोनवर म्हणाला, "मुलीकडे गेलेत ना ते? नर्सबाई सांगत होत्या." मग सुतार आला. तो तर मोबाइलवर ठामपणेच बोलला, "डबासुद्धा बंद झालाय त्यांचा. मुलीने नेलंय कायमचं."

मित्रांनो, मास्तरांना मुलगी नव्हतीच.

एका भल्या बाईचा अंदाज नुसता जिना चढून-उतरून अख्खी मुलगी झाला होता. मास्तरांनी पालिकेत फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "आमची माणसं येऊन गेली. तुम्ही घरी नव्हता."

"मी घरीच होतो."

"मग दार का नाही उघडलं?"

मास्तरांनी फोन ठेवून दिला. त्या दिवशी त्यांनी चहात पाव बुडवून खाल्ला आणि पायाची पट्टी स्वतःच बांधली, सैल. पट्टी बांधता बांधता माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वाजतेस तरी नीट?" माझ्या दोन्ही पट्ट्या लाजेने गार पडल्या. वाजणं माझ्या हातात होतं. येणाऱ्याला थांबवणं नव्हतं.

एके सकाळी जिन्यात नवी पावलं आली. दोन मोठी, दोन छोटी. बाईचा आवाज फोनवर बोलत होता, "हो साहेब, दारातच आहे. नसतील तर यादीतून नाव कमी करू. असतील आणि दार उघडत नसतील, तर एकटं ठेवणं बरं नाही, वृद्धनिवासात हलवावं लागेल. हो, आजच सांगते." या बाईंचं काम होतं ज्येष्ठांसाठीच्या सगळ्या सेवांचा मेळ घालणं. शाळेला सुट्टी म्हणून छोटी लेक सोबत होती.

टिंग. टाँग.

आत खुर्ची करकरली. बाहेर बाई इतरांइतक्याच थांबल्या. इतरांसारख्याच वळल्या. एक पायरी उतरल्यासुद्धा. माझ्या मनात आलं, झालं! आज मास्तरांचं यादीतलं नाव तरी गेलं, नाहीतर घर तरी.

"आई, बूट!"

बुटाचा पट्टा सुटला होता. आई पायरीवर बसली. बक्कल काही भोकात जाईना. "अगं, पाय हलवू नकोस ना." "मी नाही हलवत, पायच हलतोय." "मग पायाला सांग." मी एरवी कुणाच्या बुटाकडे लक्ष देत नाही, पण त्या दिवशी देवाला म्हटलं, हे बक्कल लागू देऊ नकोस रे बाबा. आत टक, सर्र, सर्र. मशीनपाशी दम. पुन्हा टक.

कडी निघाली.

मास्तर चौकटीत उभे होते. दोघींकडे बघतच राहिले. जत्रेत हरवलेलं माणूस अचानक समोर यावं, तसे म्हणाले, "थांबलात?"

बाई गडबडून उठल्या. "आजोबा, तुम्ही मुलीकडे होतात ना?"

"कुठल्या मुलीकडे?"

"तुमच्या."

"मला मुलगी झाली आणि मलाच पत्ता नाही?"

छोटी खुदकन हसली. मास्तरही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या मास्तरांच्या शेजारून, त्यांच्याच चालीने खुर्चीपर्यंत गेल्या. त्या एवढ्याशा खोलीत त्यांची पावलंही हळूहळू टाकली जात होती, आणि मला वाटतं, त्या चालण्यातच त्यांना सगळं कळलं.

मग म्हणाल्या, "दाराची किल्ली नर्सबाईंकडे देऊन ठेवू या का? तुम्हाला उठायला नको."

"नको," मास्तर म्हणाले. "माझं दार मी उघडतो. ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी खुशाल न्या मला तुमच्या निवासात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, रागावू नका. कापड चांगलं आहे. प्रत्येकाने बेतलंयही छान. पण बाही एकाकडे, कॉलर दुसऱ्याकडे, पाठ तिसऱ्याकडे. शिवायचं कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या. "माझं काम तेच आहे, आजोबा."

तिथेच बसून त्यांनी एकेकाला फोन लावला. "नाही, मुलगी नाहीये. अहो, नाहीचये! सगळ्यांनी एकाच वेळी या. एकदाच बेल वाजवायची. आणि दार उघडेपर्यंत थांबायचं. किती वेळ? त्यांना लागेल तितका." शेवटी साहेबांना सांगितलं, "ते घरीच आहेत, आणि दारही उघडतात. आपणच थांबत नव्हतो."

आणि मित्रांनो, पुढे मी जे ऐकलं, ते आठवलं की अजून माझ्या तारा थरथरतात. ठरल्या दिवशी जिना माणसांनी भरला. नर्सबाई, डबा घेऊन दादा, दांडा खांद्यावर घेतलेला सुतार, बाई आणि छोटी. एकदाच टिंग, एकदाच टाँग. मग सगळे गप्प. सुताराचा हात सवयीने पुन्हा बटणाकडे आला, तर दादा कुजबुजला, "अहो, निघालेत ते. ऐका." आणि सगळी ऐकू लागली. टक, सर्र, सर्र. घाईची ती माणसं, प्रत्येकाला अजून कितीतरी जिने चढायचे होते. पण एका म्हाताऱ्या माणसाच्या चालण्यासाठी ती श्वास धरून उभी होती. मी आयुष्यभर आवाज केला. शांतता एवढी मोठी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मास्तरांनी दार उघडलं. "एवढी माणसं! सगळ्यांची मापं घ्यायची की काय?"

नर्सबाईंनी पट्टी नीट बांधली, दादाने डबा उघडून समोर ठेवला. सुताराने न्हाणीघरात दांडा लावलाच, शिवाय पदरचा एक दांडा खुर्चीपासून दारापर्यंतच्या भिंतीवर लावला. म्हणाला, "आता काय मास्तर, पळत याल!"

"पळायला लागलो, तर तुमची थांबायची सवय मोडेल," मास्तर म्हणाले. जाताना सुताराने पटाशीने माझ्या बटणावरचा रंगही खरवडून काढला. कित्येक वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला.

मित्रांनो, मी आता जुनी झाले. माझ्या टाँगमध्ये थोडी खरखर आली आहे. माझं मागणं मोठं नाही. कुणाच्या दारावर बेल वाजवलीत, तर लगेच पाठ फिरवू नका. आतून कुणी निघालेलं असेल. तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून ते निघालेलंच नाही, असं नसतं.

त्या दिवशी सगळे निघाले, तेव्हा मास्तर नेमाप्रमाणे दारापर्यंत सोडायला आले. "या हं," म्हणाले आणि दार लोटून कडी घातली. पावलं भराभर जिना उतरू लागली. छोटी तेवढी मागे थांबली. दाराला कान लावून उभी राहिली. आत टक, सर्र, सर्र. आता आवाज दूर जात होता.

"चल गं," आई खालून म्हणाली.

"आई, आजोबा दारापर्यंत येतात, तेव्हा आपण सगळे थांबतो ना?"

"हो."

"मग ते परत खुर्चीपर्यंत जातात, तेव्हा त्यांच्यासाठी कोण थांबतं?"

आईची पावलं जिथे होती तिथेच राहिली. आत मशीनपाशी मास्तर दम खायला थांबले होते.