दादानं पेटवलेली चूल

"आधी ती पहार खाली ठेव," दादा म्हणाला.

मी ठेवली नाही. आईला जाऊन पंधरवडा झाला होता आणि जाताना तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. दवाखान्यातल्या खाटेवर, नाकाला नळी लावलेली असताना, शब्दाशब्दाला दम घेत ती म्हणाली होती, "ती चूल फोड. पुन्हा कुठल्या बाईला तिच्यापुढे बसवू नका."

"अगं, आपलं सगळं बालपण आहे त्या चुलीत," धाकटा म्हणाला. त्यानं मोबाइलवर चुलीचा फोटो काढला. मग वाकून, बाजूनं, आणखी एक काढला.

दोघे भाऊ शहरातून आलेले, सकाळपासून उंबऱ्यात बसून बालपण उगाळत होते. काय ते दिवस होते! थंडीत चुलीपुढे अंग शेकत बसायचो. दुधाला कसा धुरकट वास यायचा! घरात वीज नव्हती, पण माणसं जिवाला जीव देणारी होती. ऐकणाऱ्याला वाटावं, तेव्हा आमच्या घरातून सोन्याचा धूर निघत होता.

धूर होता, हे खरं. सोन्याचा नव्हता, आणि निघतही नव्हता. स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. हे दोघे अंग शेकून शाळेला पळायचे आणि मी आईशेजारी काटक्या मोडत बसायचे. भिंतीवरची काजळी आम्ही दर वर्षी खरवडून काढायचो. आईच्या छातीतली तशीच राहायची.

पुढे मी कमावती झाल्यावर तिला गॅस आणून दिला. खोकला कमी झाला, ती रात्रीची झोपू लागली. पण सुट्टी आली की हे दोघे यायचे. "आई, चुलीवरचंच कर हं! गॅसवरचं तर रोजच खातो." लेकरांचं मन कशाला मोडा, म्हणून आई पुन्हा फुंकणी घेऊन बसायची आणि लेकरं अंगणात गार वाऱ्याला. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून चूलही साजरीच दिसते. ते परत गेले की आई खोकत राहायची आणि मी तिची पाठ चोळत.

"बरं," मी म्हणाले, "नाही फोडत. दादा, तू तिच्यावर तिघांपुरता चहा कर. झाला, तर चूल राहील."

"एवढंच ना?" दादा हसला. "अगं, या चुलीपुढे वाढलोय मी."

"वाढलास खरा. पेटवलीस कधी?"

"त्यात काय पेटवायचं? लाकूड आहे, काडी आहे!"

रात्री पाऊस पडून गेला होता. दादा परसातल्या ढिगावरची लाकडं कवेत घेऊन आला. आई पावसाळाभर सरपण आपल्या खाटेखाली ठेवायची. आताही तिथे कोरड्या काटक्यांची मोळी होती. चुलीपुढे वाढलेल्या माणसाला एवढं ठाऊक असणारच, म्हणून मी काही बोलले नाही.

त्यानं ओले ओंडके चुलीत ठासले, खाली वर्तमानपत्र कोंबलं आणि काडी लावली. कागद भडकला, विझला. पुन्हा भडकला, पुन्हा विझला. मग लाकडं सुसू करायला लागली आणि खोलीभर पिवळा धूर झाला.

"फुंकणीनं फुंक ना रे!" धाकटा अंगणातून ओरडला. पहिल्याच लोटाला तो बाहेर पळाला होता.

"तू ये की फुंकायला! तिथून अक्कल शिकवतोय!"

दादानं फुंकणी तोंडाला लावली आणि तशीच ठेवून दम आत ओढला. आई फुंकण्याआधी मान वळवून दम घ्यायची. हे बघायलाही कधी चुलीजवळ थांबावं लागतं. दादा गुडघ्यांवर कोसळला, खोकून खोकून लाल झाला. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

शेजारच्या काकू, ज्यांना गाव पाठीमागे 'दवंडी' म्हणतं, नेमक्या तेव्हाच दारात आल्या.

"अरे माझ्या बाळा! आईच्या चुलीपुढे कसा धाय मोकलून रडतोय बघा. लेक असावा तर असा!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं? आई गेली तरी डोळ्यांत टिपूस नाही. पहार घेऊन उभी!"

"धुरानं आलंय ते पाणी, काकू."

"गप बस. धुरानं कुणी एवढं रडतं का?"

"आई रडायची की. रोज दोन वेळा."

काकूंनी ऐकलं नाही. त्या वळल्यासुद्धा होत्या. बातमी घरोघर पोचायला हवी होती.

दादा भिंत चाचपत अंगणात गेला. पातेल्यातलं पाणी कोमटही झालं नव्हतं. डोळे पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "फोड बाई ती. आणि चहा गॅसवर टाक."

चहा मी टाकला नाही. चुलीतले ओंडके बाहेर ओढले, त्यांवर पाणी मारलं आणि पहार उचलली. मातीचीच होती, दुसऱ्या घावाला फुटली. आतून भाजून भाजून विटेसारखी लाल झाली होती. तेव्हा माझे डोळे भरले. धूर विरला होता आणि बघायला काकू नव्हत्या.

अंगणात धाकटा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, फोटो पाठवलाय बघ. आमच्या आईची चूल. काय ते दिवस होते!"