मागून आणलेला पतंग

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे. कपाटावर पडून पडून माझा रंग विटला, कामटी वाकली. ऐट तेवढी शिल्लक आहे.

जरीपटक्याच्या बाजारातून मारोतरावांनी मला पारखून आणलं. गिरणीतून निवृत्त झालेले मारोतराव म्हणजे अख्ख्या नंदनवन वस्तीतले अट्टल पतंगबाज. काटलेला पतंग ज्याच्या हाती लागला त्याचा, हा आमचा कायदा. तो परत मागणं म्हणजे नाक कापून घेणं. मारोतरावांनी जन्मात कधी मागितला नव्हता.

पण मला लढायला आणलंच नव्हतं! त्यांची लेक पुष्पलता कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. ओझोन नावाचा वायू उंच आभाळात आपल्याला उन्हापासून राखतो, पण खाली धुरकट हवेत तयार झाला की छातीला जाचतो. आपल्या छपरांवर तो किती आहे, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी विमान कुठून आणणार? तिने खळ आणि रसायन लावलेली कागदाची पट्टी माझ्या पाठीला बांधली. ओझोन लागला की पट्टी जांभळी होते. आधीच्या साऱ्या पट्ट्या वाया गेल्या होत्या, ही शेवटची. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, जांभळी पट्टी दाखव, नाहीतर प्रकल्पाचा विषय बदल.

"बाबा, पेच नका लढवू."

"नाही लढवत वं माय."

संक्रांतीचा छान वारा होता. मी वर गेलो, अन् शेजारच्या देवाजीचा पतंग माझ्यावर धावून आला. मारोतरावांची बोटं शिवशिवत होती, मला दोऱ्यातून कळत होतं. तरी बिचारे मला नुसते वाचवत राहिले. माझा दोरा साधा, देवाजीचा मांजा धारदार. "ओ काऽट!" मी देवाजीच्याच गच्चीवर पडलो.

"बाबा, जास्त वेळ उजेडात राहिली तर पट्टी बिघडते," पुष्पलता रडवेली झाली.

मारोतराव धावत देवाजीच्या गच्चीवर आले.

"काहून गा मारोतराव, इकडं कसा?"

"जय भीम, देवाजी. पतंग दे गा. माह्या पोरीची हाय."

"काटलेली पतंग मागून राहिला? तू?"

"हो. मागून राहिलो."

देवाजी हसला नाही. त्याने मला दोन्ही हातांनी परत दिलं. मारोतरावांनी मला स्वेटरखाली झाकलं आणि धावत घर गाठलं. त्या छातीची धडधड मी अजून विसरलो नाही.

पट्टी गर्द जांभळी झाली होती. पुष्पलता आनंदाने ओरडली, "बाबा, जमलं!" मग तिने वर पाहिलं. बाबा भिंतीला टेकून खोकत होते, श्वास पुरत नव्हता. बाबा रोज छातीत घेत होते, त्याच हवेने तिच्या हातातली पट्टी जांभळी झाली होती. तिचा आनंद तिथेच विरला. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि त्यांची पाठ चोळत राहिली.

मित्रांनो, हवा दिसत नाही, म्हणून तिची कुणाला काळजी नसते. धूर करण्याआधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याचा श्वास ऐका.