थॅडियसचं मयत

ओझेलाने आपल्या सख्ख्या भावाला शनिवारी सकाळी मारलं. मालकाच्या बंगल्याच्या मागच्या दारात उभी राहून, मान खाली घालून म्हणाली, "मेम्फिसला माझा भाऊ वारला हो मालक. उद्या माती आहे. आम्ही तिघं जाऊन येतो, सोमवारी कामावर हजर."

थॅडियस ठणठणीत होता. मेम्फिस सोडून तो केव्हाच शिकागोला गेला होता, तिथल्या कत्तलखान्यात कामाला लागला होता, आणि ही गोष्ट ओझेला आणि तिचा नवरा रूफस यांच्याशिवाय मळ्यावर कुणाला ठाऊक नव्हती.

"तुम्हा लोकांना मरायलाही नेमकी कापूस वेचायची वेळ सापडते," मालक म्हणाला. "सोमवारी. कळलं?"

"हो मालक."

गुलामी संपून पाऊणशे वर्षं होऊन गेली होती म्हणे. मिसिसिपीत तसं कुणी कापसाला सांगितलं नव्हतं. बोंडं फुटायला आली असताना एखादं काळं कुटुंब मळा सोडून निघालं, तर शेरीफची माणसं त्यांना गाडीतून खाली खेचत. गेल्या वर्षी एझ्रा पुलियमला असंच खेचून आणलं, त्याचा डावा हात अजून सरळ होत नव्हता. तरी ओझेलाला आता थांबायची सोय उरली नव्हती. मालकिणीचा निरोप आला होता की लुवेनियाची शाळा आता पुरे, सोमवारपासून तिला बंगल्यावरच राहायला पाठवा. लुवेनिया ओझेलाची एकुलती एक लेक, चौदा वर्षांची. बंगल्यावर मालकाचा थोरला मुलगा होता. तिथे राहायला गेलेल्या पोरींचं काय होतं हे मळ्यावर कुणी बोलत नसे, कारण ते सगळ्यांनाच माहीत होतं.

बेत पक्का होता. दोरीवर कपडे वाळत राहू द्यायचे, कोंबड्या अंगणात सोडायच्या, चुलीवर घेवड्याचं भांडं ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की माणसं आत्ता येतील. तिकिटं फक्त मेम्फिसपर्यंतची काढायची, पुढची तिथे गेल्यावर. सगळं डोक्यात बसवलं, आणि एक गोष्ट साफ विसरली. आपल्यात माणूस कधी गुपचूप मरत नाही.

दुपार व्हायच्या आत दारात सिस्टर ड्रूसिला हजर! चर्चमधल्या बायकांच्या मयत-मंडळाची ही मुख्य. पंचक्रोशीत कुणाचंही मयत असो, ड्रूसिलाच्या पांढऱ्या झग्याशिवाय आणि जांभळ्या पट्ट्याशिवाय ते पार पडत नसे. मागे आणखी पाच बायका. हातात केक, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव.

"मयताच्या घरी रिकाम्या हाताने यायचं नसतं," ड्रूसिला केक टेबलावर ठेवत म्हणाली. "अगं, सांगायचं तरी! आम्ही काय परक्या? चल, आम्ही सहाही जणी स्टेशनपर्यंत येतो. थॅडियसला गाणी म्हणत निरोप द्यायचा."

गुपचूप सटकायचं, तर इथे वरात निघाली! "नको हो मावशी, कशाला उगीच उन्हातान्हाचं?"

"उन्हातान्हाचं म्हणे! माझ्या नवऱ्याच्या वेळी तू आठ मैल चालत आली होतीस."

एवढ्यात ड्रूसिलाचा पाय एका बोचक्याला लागला. गाठ सुटली आणि आतून आजीच्या हातची गोधडी बाहेर आली. पाठोपाठ लुवेनियाचा लोकरीचा कोट. ऑगस्टात! रूफस दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तो हळूच जमिनीकडे बघायला लागला. मंडळातल्या एका बाईने विचारलंच, "दोन दिवसांसाठी गोधडी गं कशाला?"

ड्रूसिलाने ओझेलाकडे पाहिलं, मग लुवेनियाकडे. पोरीला जरा जास्तच वेळ न्याहाळलं. मग खाली वाकून तिने कोट आत कोंबला, त्यावर गोधडी नीट घडी करून ठेवली आणि बोचक्याला दुहेरी गाठ मारली.

"शवपेटीत अंथरायला," ती म्हणाली. "त्याच्या आजीची आहे. एवढंही कळत नाही का गं तुला? उचला सामान. गाडी चुकेल."

स्टेशनवर काळ्यांच्या बाजूच्या बाकाशी शेरीफचा माणूस उभा होताच. दात कोरत होता. त्याने तिघांकडे पाहिलं, बोचकी मोजली, आणि वाट अडवली.

"ए बाई. मयताला जाताय की मुक्कामाला?"

ओझेलाने बोचकं छातीशी घट्ट धरलं. रडावं म्हटलं तर डोळे कोरडे ठक्क. भीतीने रडू येतं असं कोण म्हणतं? भीतीने तर तोंडातली थुंकीसुद्धा आटते. लुवेनियाने तिचा हात एवढा घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

"भाऊ मेला म्हणतेस, आणि डोळ्यात टिपूस नाही?" तो माणूस म्हणाला. "सोड बघू ते बोचकं."

आणि ड्रूसिलाने हंबरडा फोडला.

असा हंबरडा की छपरावरची कबुतरं उडाली. "अरे माझ्या थॅडियस रे!" करत तिने आपला सगळा भरभक्कम देह ओझेलावर टाकला. पाठोपाठ पाच जणींनी सूर लावला. एक तर शेरीफच्या माणसाच्याच पायाशी कोसळली आणि त्याच्या बुटांना मिठी मारून बसली. तो बिचकून पाय सोडवायला लागला, तर दुसरीने त्याच्या बाहीला नाक पुसलं.

गळ्यात पडल्या पडल्या ड्रूसिला ओझेलाच्या कानात पुटपुटली, "रड की गं भवाने! मी काय एकटीने रडू? माझ्या लेकीला बंगल्यावर पाठवलं तेव्हा मला एवढी अक्कल सुचली नाही. जा. ने तिला. मागे वळून बघू नकोस."

तेव्हा ओझेलाला रडू फुटलं. खरंखुरं, ढसाढसा.

"न्या रे यांना इथून!" शेरीफचा माणूस बूट सोडवत ओरडला. "चढा, चढा गाडीत! काय तमाशा लावलाय!"

इंजिनामागच्या काळ्यांच्या डब्यात तिघं चढले. गाडी हलली तरी बायकांचं रडणं ऐकू येत होतं. त्यांनी मेम्फिसला रात्र काढली, सकाळी पुढची गाडी धरली. रविवारी दुपारी गाडी ओहायो नदीचा पूल ओलांडून गेली. कंडक्टर आला आणि म्हणाला, इथून पुढे उत्तर लागली, काळ्यांचा वेगळा डबा नाही, कुठल्याही डब्यात बसा. रूफस बराच वेळ जागचा हललाच नाही. मग लुवेनिया उठली, पुढच्या डब्यात गेली आणि एका गोऱ्या म्हातारीशेजारच्या खिडकीत बसली. म्हातारीने मांडीवरची पिशवी सरकवून जागा दिली. बस, एवढंच झालं. ओझेला बोचकं उचलून लेकीच्या मागे निघाली.

शिकागोच्या फलाटावर ठरल्याप्रमाणे थॅडियस टोपी हलवत उभा होता.

"मामा, तिकडे तुम्ही वारलात," लुवेनिया म्हणाली.

"हो का? मग मयत कसं झालं?"

"फार छान!" रूफस म्हणाला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा खो खो हसला. थॅडियसने तिथेच उभ्या उभ्या आपल्या मयताचा केक खाल्ला.

ऑक्टोबरात एका रविवारी शिकागोतल्या चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी ओझेलाला हाक मारली. वळून बघते तर एझ्रा पुलियम! हात तसाच वाकडा, पण अंगावर नवा कोट.

"तू कसा सुटलास रे?"

"माझी आजी वारली."

"ती तर तू पाळण्यात असतानाच गेली!"

"हे शेरीफच्या माणसाला कुठे ठाऊक? आणि एक वाईट बातमी आहे, ताई." एझ्राने टोपी काढून छातीशी धरली. "ड्रूसिला मावशीची बहीण वारली. इथे शिकागोत."

"ड्रूसिलाला बहीण कुठे आहे?"

"तेच तर. उद्या संध्याकाळच्या गाडीने येतेय, तिला पुरायला. लेकीला आणि नातीला घेऊन."

ओझेला पायरीवरच बसली. हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी काही थांबेना. "अरे, मग तिला पोचवायला स्टेशनवर कोण रडणार?"

"तिकडचं सगळं चर्च," एझ्रा म्हणाला.

ओझेला डोळे पुसून उठली आणि रूफसला म्हणाली, "चल लवकर घरी. मला केक करायचाय."