सातव्या घरावरचा तोफगोळा

आमच्या गल्लीतल्या सातव्या घराच्या कोपऱ्याला कमरेएवढ्या उंचीवर एक खोबण आहे. माझे काका पाहुण्यांना ही जुनी गल्ली दाखवणारे गाईड. तीस वर्षं ते सांगत आले, की हा शहराला पडलेल्या जुन्या वेढ्यातल्या तोफगोळ्याचा घाव. लोक माना डोलवायचे आणि मी जमिनीकडे बघायचो. कारण तो घाव माझा आहे. विशीत असताना कपाटांनी भरलेला टेम्पो मागे घेताना मी तो घातला आणि धूम ठोकली.

घरमालक दिवसभर गुन्हेगाराला शोधत फिरत होते. नेमकं त्यांच्याच मुलीशी माझं लग्न ठरत होतं, त्यामुळे माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी काकांनी जाहीर केलं, की गिलावा पडून तोफगोळ्याचा जुना घाव उघडा झालाय. मालकांचा राग मावळला, छाती फुगली. मी सुटलो आणि त्यांचा जावईही झालो. काकांच्या अज्ञानाचे मी मनोमन आभार मानले.

यंदा पर्यटन कचेरीतून फर्मान आलं, की गाईडचं एकही खोटं सापडलं तर बिल्ला जप्त. तपासायला आलेल्या बाईंनी खोबण मापली, गल्ली मापली आणि विचारलं, आठ हातांच्या गल्लीत तोफ उभी केली कुठे? काका छातीवरचा बिल्ला चाचपू लागले. या माणसाला गल्ली दाखवण्यापलीकडे आयुष्यात काही येत नाही, शर्टाचं बटण लावायलाही काकू लागते. मला राहवेना.

"बाई, तो माझा टेम्पो होता," मी म्हणालो. "यांना काही माहीत नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले. "टेम्पोच्या फुटलेल्या दिव्याच्या काचा मीच झाडल्या. बाई, खोटं बोललो ते एवढंच. या गाढवाचं लग्न मोडू नये म्हणून."

मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, यापुढे खरं सांगणार असाल तर बिल्ला राहू दे. दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांनी मात्र सगळं ऐकलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्याशी अबोला धरला.

आता काका मला भिंतीशी उभं करून खरा इतिहास सांगतात. गर्दी दुप्पट झाली आहे. परवा माझी कीव येऊन ते म्हणाले, की टेम्पो जरासा घासला, इतकंच. तेवढ्यात खिडकी उघडली. सासरे होते.

"घासला कसला? घर हललं होतं," ते पाहुण्यांना म्हणाले. "आमचे जावई अर्धवट काम करत नाहीत."